हेमीचे चार प्रश्न आणि सुरेखाची बस

आमच्या डेपोतल्या स्मोको-रूममध्ये एक कपाट आहे. त्यात बिनझाकणाचे डबे आहेत आणि बिनडब्यांची झाकणं आहेत. कुणी आणली, कधी विसरली, कुणालाच ठाऊक नाही. पण टाकून द्यायची म्हटलं की कुणाचा तरी जीव वर-खाली होतो. आमचे किस्सेही असेच साठलेत. स्मोको म्हणजे इथली चहाची सुट्टी, मोजून दहा मिनिटांची. तेवढ्यात चहा होतो, पण किस्सा पुरा होत नाही. मग तो उद्यावर जातो, आणि उद्या त्याच्यावर नवा येऊन बसतो.

मी वृंदा. ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या औषधांच्या एका डेपोत फार्मासिस्ट. आलेला माल तपासायचा, ठीक असेल तर सही करून सोडायचा, शंका आली तर जाळीच्या पिंजऱ्यात कुलूपबंद करायचा. पुण्यात वाढल्यामुळे शंका घेण्याचं वेगळं ट्रेनिंग मला लागलं नाही!

आमचा कंपू चौघांचा. हेमी, नाडकर्णी, सुरेखा आणि मी. आणि पुढे जे काही झालं, ज्यात सुरेखाची नोकरी जाता जाता राहिली, ते सगळं रॅपमुळे झालं. हो, रॅप! पन्नाशी उलटलेल्या बाईच्या तोंडी हा शब्द शोभत नाही, असं माझ्या मुलीचं मत आहे. तिचाही किस्सा पुढे येईल.

*

हेमी आमचा फोर्कलिफ्ट ड्रायव्हर. माओरी, म्हणजे इथला मूळ रहिवासी, साठीला टेकलेला, जन्म दूरच्या पोरिरुआ गावचा. खांदे दाराच्या चौकटीएवढे आणि आवाज खांद्यांपेक्षा मोठा.

माझा पहिला आठवडा होता. नवी नवी असल्यामुळे मी जरा जास्तच कडक होते. कोल्डरूमच्या बाहेर हेमीच्या फोर्कलिफ्टवर एक जुनाट टेपरेकॉर्डर जोरजोरात बोलत होता. मी हात वर करून त्याला थांबवलं.

"हे काय आहे?"

"रॅप."

"बंद करा. हा औषधांचा डेपो आहे."

त्यानं शहाण्या मुलासारखा टेप बंद केला. मग शांतपणे विचारलं, "तो काय म्हणत होता, ऐकलंस?"

"नाही."

"मग नापास कसा केलास? माल पण असाच न तपासता परत पाठवतेस का?"

मी हात पुढे केला आणि टेप मागून घेतली.

स्मोकोमध्ये मी ती टेप ऐकली. दोन पोरांचे आवाज होते आणि मागे कुणीतरी पुठ्ठ्याचं खोकं बडवत होतं. त्यातला एक आवाज अठरा वर्षांच्या हेमीचा, दुसरा त्याच्या चुलतभावाचा. ऐंशीच्या दशकात त्यांच्या भागातला कारखाना बंद व्हायला निघाला होता. हेमीचे वडील तिथे, शेजारी तिथे, अख्खी गल्ली तिथे. पोरांनी एकेक घराचं नाव घेऊन सांगितलं होतं की या घरात आता काय होणार. रॅप म्हणजे सोनसाखळ्या आणि शिव्या, अशी माझी समजूत होती. ही तर नाव-पत्त्यासकट तक्रार होती.

"सुरुवातीचा रॅप असाच होता," हेमी म्हणाला. "आमची बातमी कुणी छापायचं नाही. मग आम्हीच आमचं वर्तमानपत्र. चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. तू कोण? कुठली? काय बिघडलंय? काय हवंय? चौथं उत्तर नसेल तर तो रॅप नाही, ते रडगाणं."

टेपवर तिसऱ्या कडव्यानंतर 'टिंग' अशी घंटा वाजली आणि सगळं अचानक थांबलं.

"पुढचं?"

"पुढचं नाही. गावच्या सभेत म्हटलं होतं. माणशी तीन मिनिटं. घंटा झाली, माइक काढून घेतला. चौथं कडवं राहिलं."

"आणि कारखाना?"

हेमीनं कप विसळला आणि उपडा घातला. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून टेपरेकॉर्डर मी पास केला.

*

नाडकर्णी मुंबईचे, दादरचे. आमच्या डेपोतले स्कॅनर आणि कॉम्प्युटर सांभाळतात. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड आहे. जगात काहीही दाखवा, ते म्हणणार, "हे आमच्याकडे आधीपासून आहे."

हेमीची टेप ऐकल्यावर म्हणाले, "हा तर पोवाडा! आमच्याकडे आधीपासून आहे." दुसऱ्या दिवशी भारूड. तिसऱ्या दिवशी लग्नातले उखाणेसुद्धा रॅपच निघाले! हेमीनं आठवडाभर निमूट ऐकलं आणि मग भिंतीवर नियम चिकटवला: जो 'आमच्याकडे आधीपासून आहे' म्हणेल, त्यानं बिस्किटांचा एक पुडा आणायचा.

महिन्याभरात कपाट बिस्किटांनी भरलं.

एकदा हेमीनं सहज बिस्किट चहात बुडवलं. नाडकर्ण्यांचे डोळे चमकले, तोंड उघडलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी तोंड मिटलं, उठले, कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याकडे गेले, पुडा घेऊन आले, टेबलावर ठेवला आणि खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "हां. तर हे आमच्याकडे आधीपासून आहे!"

*

पुढे नाडकर्ण्यांनी स्वतःच रॅप लिहिला. स्मोको-रूमचा मायक्रोवेव्ह तीन आठवडे बंद होता आणि मॅनेजर 'बघतो, बघतो' करत होता. हेमी म्हणाला, "लिही. चार प्रश्न." नाडकर्ण्यांनी शनिवार-रविवार खर्ची घातला आणि सोमवारी उभं राहून, घसा साफ करून सुरू केलं:

"प्रति, माननीय व्यवस्थापक महोदय,
विषय: मायक्रोवेव्ह बंद, अतीव खेद होय!
उपरोक्त विषयास अनुसरून सादर विनंती,
तीन आठवडे थंड भाजी, थंडच आमची चपाती!"

मी हेमीला अर्थ सांगितला. तो म्हणाला, "भाऊ, हे पत्र आहे."

"यमक आहे ना!" नाडकर्णी म्हणाले.

शेवट 'आपला विश्वासू' असा होता. खाली सहीसाठी त्यांनी हवेत बोट फिरवलं, तेव्हा हेमी हसून हसून खुर्चीसकट मागे गेला! पण मंडळी, गंमत पुढे आहे. त्याची इंग्रजी आवृत्ती नाडकर्ण्यांनी मॅनेजरसमोर 'रिस्पेक्टेड सर'पासून सहीपर्यंत म्हटली, आणि तिसऱ्या दिवशी नवा मायक्रोवेव्ह आला. आमचा पहिला विजय! तेव्हापासून घरी जाताना डेपोत कुणी 'बाय' म्हणत नाही. मराठीचा गंध नसलेली सामोअन पोरंसुद्धा 'आपला विश्वासू' म्हणून जातात.

*

आता सुरेखा. सांगलीच्या हॉस्पिटलात नऊ वर्षं नर्स होती. इथे नर्स व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते. ती होईपर्यंत आमच्याकडे पॅकिंगला. नवरा पोरिरुआत नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. टाकानिनी उपनगरातल्या भाड्याच्या घरात ही आणि चार वर्षांची ओवी. ही नोकरी म्हणजे तिचं घरभाडं, तिची परीक्षा, सगळंच. ती गेली असती तर लेकीला घेऊन सांगलीला परत जाण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं.

बोलायची इतकी कमी, की हिला मराठी येत नसावं असं नाडकर्ण्यांना पंधरा दिवस वाटत होतं!

पण खोकी रचताना ती पाढे म्हणायची. बारा-बाराची चळत. एक चळत झाली की खोक्यावर पंजाची थाप आणि "बारा एके बारा". थाप, "बारा दुणे चोवीस". थाप, "बारा त्रिक छत्तीस". एकदा हेमी तिथून जात होता. त्यानं फोर्कलिफ्टचं इंजिनच बंद केलं आणि दहापर्यंत ऐकत बसला.

"कुणी लिहिलंय हे?"

सुरेखा घाबरली. "कुणी नाही. बाराचा पाढा आहे."

"ह्यात काय बिघडलंय?"

"काही नाही."

"मग काय हवंय?"

सुरेखानं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "एकशे वीस."

हेमी मला शोधत पिंजऱ्यापाशी आला. "वृंदा, ती पोरगी चौथ्या प्रश्नाला अडखळत नाही!"

*

टाळी हा आमचा मोठाच प्रॉब्लेम. रॅपची टाळी म्हणे चार ठोक्यांतल्या दोनवर आणि चारवर पडते. आपली पडते एकवर. वर्षानुवर्षं आरतीला टाळ्या वाजवलेल्या; हात दुसरीकडे पडतच नाहीत! हेमीनं परोपरीनं शिकवलं. "एकवर पाय, दोनवर टाळी." नाडकर्ण्यांनी एकवर टाळी वाजवली आणि दोनवर पाय.

"इथे एकटे असता म्हणून बावरता," असं म्हणून हेमी एका शनिवारी टाकानिनीच्या आमच्या मराठी मंडळींच्या मेळाव्यात आला. तिथे चाळीस जणांनी पूर्ण आत्मविश्वासानं, खणखणीत, एकवर टाळी वाजवली. शिरा खाता खाता हेमी म्हणाला, "चाळीस जण एकदम चुकत असतील तर ती चूक नाही, तो नियम आहे."

*

माझी मुलगी इरा. जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. मी ओट्यापाशी फोडणी देताना हेमीचे ठेके म्हणत होते आणि तिच्या दोन मैत्रिणी हॉलमध्ये बसल्या होत्या.

"आई, प्लीज! धिस इज हीप्स एम्बॅरसिंग."

मी म्हटलं, "तक्रार आहे ना? मग नीट मांड. तू कोण, कुठली, काय बिघडलंय, काय हवंय?"

तिनं एका दमात ऐकवलं, "आय ॲम इरा. ऑकलंड. यू. स्टॉप."

दुसऱ्या दिवशी हेमीला सांगितलं तर तो गंभीर झाला. "चार ओळींत बसवलं? हे आपल्यातल्या कुणालाच जमलेलं नाही. स्वीट ॲज!" म्हणजे इथलं 'झकास'.

*

आणि मग बसचं वेळापत्रक बदललं.

पॅकिंगवाल्यांची पाळी सातला. टाकानिनीचं पाळणाघर सहाला उघडतं. ओवीला तिथे सोडायचं, धावत ट्रेन गाठायची, पेनरोजला उतरायचं आणि स्टेशनबाहेरून डेपोची बस धरायची. हे सगळं सुरेखाचं घड्याळासारखं चाललं होतं. नव्या वेळापत्रकात बस दर तीस मिनिटांनी ठेवली आणि ती ट्रेन येण्याच्या बरोबर एक मिनिट आधी सुटायला लागली! म्हणजे पुढच्या बसला एकोणतीस मिनिटं. आधीची ट्रेन धरावी तर पाळणाघर उघडलेलं नाही. चालत यावं तर फुटपाथ नाही, आणि ट्रक अंगावरून जातात. हेमी पहाटे पाचला कामावर, मी नऊला, नाडकर्णी साडेनऊला. गाडीनं आणायलाही कुणी नाही.

सुरेखाला उशिराबद्दल एक पत्र मिळालं. मग दुसरं. तिसरं म्हणजे नोकरी गेली. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, म्हणाला, "बस माझ्या हातात नाही." सुरेखा दुसरं पत्र चार घड्या घालून एप्रनच्या खिशात ठेवायची. रडली नाही. फक्त पाढे म्हणायची थांबली. तिच्या टेबलावरची ती शांतता मला सहन होईना.

हेमीनंच शोधून काढलं की स्थानिक मंडळाच्या, म्हणजे इथल्या वॉर्ड समितीच्या सभेत कुणीही जाऊन बोलू शकतं, आणि या वेळी बसचे अधिकारीही येणार आहेत.

"किती वेळ मिळतो?" मी विचारलं.

"तीन मिनिटं," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

सुरेखा म्हणाली, "वृंदाताई, मला नाही जमायचं. माझं इंग्लिश म्हणजे..."

हेमी म्हणाला, "दिवसाला शेकडो खोकी मोजतेस. एकदा तरी श्वास अडकलाय?"

तिनं चार प्रश्न लिहून घेतले.

*

सभा दुपारी चारला. हॉलमध्ये एकीकडे मंडळाचे सदस्य, मध्ये चष्मेवाल्या अध्यक्षबाई, कडेला बसचे अधिकारी. दुसरीकडे आम्ही तिघं आणि टाकानिनीहून सुरेखासाठी आलेली चौदा मराठी माणसं. त्यात शिऱ्याचा डबा घेऊन आलेल्या गोखलेकाकूही होत्या.

सुरेखा माइकपाशी गेली. तिनं पंजा टेबलावर आपटला, जसा खोक्यावर आपटते तसा, आणि सुरू केलं. म्हटलं इंग्रजीत, मराठीत साधारण असं:

"मी सुरेखा, गाव सांगली, नऊ वर्षं नर्स होते,
आज तुमच्या औषधांची खोकी मीच भरते.
सहाला पाळणाघर उघडतं, लेक बोट सोडते,
धापा टाकत ट्रेन धरते, वेळेवर ती पोचते.
जिना उतरून खाली येते, बस मला दिसते,
दिसते ती पाठमोरी! एका मिनिटानं चुकते."

पुढे दोन पत्रं आली, ओवी आली, परीक्षा आली. एकेक सगळं तिनं सांगितलं. आता चौथं कडवं. ती श्वास घेते तोवर...

टिंग!

"थँक्यू," अध्यक्षबाई मायेनं म्हणाल्या. "वेळ संपला."

सुरेखा तशीच उभी. मी हेमीकडे पाहिलं आणि मला पाहवेना. साठीचा माणूस, पण चेहरा त्या टेपवरच्या पोराचा झाला होता. मग तो उठला.

"किया ओरा," त्यानं माओरीत नमस्कार केला. "आमची रीत आहे. माणूस बोलला की त्याची माणसं त्याच्या मागे उभी राहतात आणि गातात. ते गाणं वेळेत धरत नाहीत."

अध्यक्षबाईंनी शेजारच्यांना विचारलं, मान डोलावली. "खरं आहे. नाही धरत."

हेमी आमच्याकडे वळला. "उठा. गा."

गा? काय गा! आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. नाडकर्णी कुजबुजले, "आरती म्हणू. सगळ्यांना पाठ आहे."

गोखलेकाकू म्हणाल्या, "अहो, पायात चपला आहेत ना!"

झालं! सतरा जणांपैकी हेमी सोडून सोळा जण खाली वाकले. कुणी सँडल काढतंय, कुणी बुटांची नाडी सोडतंय, नाडकर्ण्यांचा एक जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, थेट सदस्यांच्या टेबलाखाली. मंडळ हे सगळं अत्यंत आदरानं बघत होतं.

तेवढ्यात माइकमधून टेबलावरची थाप ऐकू आली. सुरेखानं डोळे मिटले होते.

"एकोणतीस एके एकोणतीस."

थाप. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न."

तिसऱ्याला आम्ही सगळे होतो. "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!" तोच शाळेतला सूर, तीच मान हलवणं. अनवाणी, हात जोडून. एकोणतीस म्हणजे आयुष्यात सगळ्यात जास्त छड्या ज्याच्यावरून खाल्ल्या तो पाढा. सत्तेला आमचे आवाज पडले. सुरेखाचा पडला नाही. ती एकटी पुढे गेली, "दोनशे तीन", आणि आम्हाला हाताला धरून अठ्ठे, नव्वेवरून नेलं. "एकोणतीस दाहे दोनशे नव्वद!" आणि खणखणीत टाळी. एकवर!

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "फार सुंदर. ही प्रार्थना आहे का?"

मी हेमीच्या कानात 'एकोणतीसचा पाढा' एवढंच सांगितलं. हेमी म्हणाला, "नाही. हे चौथं कडवं आहे. एकाची बस चुकली तर एकोणतीस मिनिटं. दोघांची चुकली तर अठ्ठावन्न. दहा जणांची चुकली तर दोनशे नव्वद. रोज सकाळी."

बसचे अधिकारी लिहून घेत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "आणि अकरा जणांची चुकली तर?"

चौदाच्या चौदा माना नाडकर्ण्यांकडे वळल्या. नाडकर्णी ओशाळून म्हणाले, "सर, आमच्याकडे दहापर्यंतच आहे."

हेमीनं मागे न बघता एक बोट वर केलं. एक पुडा!

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "मग सुरेखा, तुम्हाला काय हवंय?"

हेमी उत्तर द्यायला निघाला होता. तो खाली बसला.

सुरेखानं क्षणभर विचार केला. "दोन मिनिटं," ती म्हणाली. "बसनं दोन मिनिटं थांबावं."

"एवढंच?" अधिकारी म्हणाले.

*

पुढच्या सोमवारी सकाळी पावणेसातला आमच्या ग्रुपवर सुरेखाचा फोटो आला. बसच्या आतून काढलेला. दार उघडं, ड्रायव्हर घड्याळ बघतोय, आणि जिन्यावरून माणसं धावत येताहेत. मी मोजली. अकरा होती.

खाली एकच ओळ होती.

"आपली विश्वासू, सुरेखा."